नागिणीचा माग

सोलापूरच्या एकाच गल्लीत एका दुखण्याला दोन नावं ऐकू येतात. मराठी घरात ‘नागीण’, तर अक्कलकोटकडच्या कानडी घरात ‘सर्पसुत्तु’, म्हणजे सापाचा वेढा. डॉक्टर त्यालाच ‘हर्पिस झोस्टर’ म्हणतात, आणि तिथेही साप पाठ सोडत नाही. ‘हर्पिस’चं मूळ ग्रीक ‘हेर्पो’, म्हणजे सरपटणं. संस्कृतातला ‘सृप्’ धातू त्याचा सख्खा भाऊ. त्याच धातूतून आपला ‘सर्प’ आला आणि आयुर्वेदातला ‘विसर्प’ही, म्हणजे अंगावर पसरत जाणारा त्वचेचा विकार. ‘झोस्टर’ म्हणजे कमरपट्टा. ग्रीक वैद्य, कानडी शेतकरी आणि मराठी आजी, कुणी कुणाला विचारायला गेलं नव्हतं; तरी तिघांना एकच गोष्ट दिसली, कमरेभोवती सरपटत निघालेलं काहीतरी.

या चित्राला एक भीती चिकटलेली आहे. नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भिडलं, वेढा पूर्ण झाला, की माणूस दगावतो, असं अजूनही शिकलेल्या घरांतसुद्धा हळू आवाजात सांगितलं जातं.

साठी उलटलेली एखादी विडी कामगार बाई डोळ्यांपुढे आणावी. दोन दिवस डाव्या बरगडीखाली आग होते आहे. आधी वाटलं, वाताचं असेल. सूप मांडीवर घेऊन तासन्‌तास वाकून बसायचं, पाठ धरणारच. तिसऱ्या दिवशी अंघोळीच्या वेळी चोळीच्या काठाखाली मोहरीएवढ्या पाणीदार फोडांची ओळ दिसते. शेजारीण सांगते, ही नागीण, दवाखान्याचं औषध घेतलं की ती चिडते. मग उतरवून देणाऱ्याकडे फेरी होते, गेरूचा लेप लागतो. लेप वाळला की कातडी ताणते, पदर टेकला तरी जीव जातो. आठवडा-दोन आठवड्यांत फोडांवर खपल्या धरतात आणि उतरवणाऱ्याच्या नावावर आणखी एक यश जमा होतं. खपल्या त्याच्याशिवायही धरल्या असत्या, हे त्या घरात कुणी बोलत नाही. ठणका मात्र पुढे कित्येक महिने राहतो, आणि तोवर गेरूची आठवण कुणालाच नसते.

वेढा पूर्ण होत नाही याचं कारण पाठीच्या कण्यात आहे. कण्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात. प्रत्येक जोडीतला डावा तंतू डाव्या अंगाचा एक पट्टा सांभाळतो, उजवा उजव्या अंगाचा, आणि दोघांची हद्द शरीराच्या मध्यरेषेवर संपते. नागीण बहुधा एकाच बाजूच्या एका तंतूतून बाहेर पडते, म्हणून ती पाठीच्या मणक्यापासून निघून बेंबीच्या रेषेपर्यंत येते आणि तिथे थांबते. शेपूट एका टोकाला, तोंड दुसऱ्या टोकाला, मधलं अर्धं अंग कोरं. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णात क्वचित दोन्ही बाजूंना फोड येतात. तिथे काळजी करायची ती त्या खालावलेल्या प्रतिकारशक्तीची. तरुण माणसाला नागीण झाली तर डॉक्टर एचआयव्हीची चाचणी करायला सांगतात तेही याच कारणाने.

मग तंतूत ती आली कुठून? लहानपणीच्या कांजिण्यांतून. हे आज पाठ्यपुस्तकात एका ओळीत सांगितलं जातं. पण ते ठामपणे मांडणारा माणूस मोठ्या प्रयोगशाळेतला नव्हता. एडगर होप-सिम्पसन हे इंग्लंडमधल्या सिरेन्सेस्टर नावाच्या छोट्या गावातले फॅमिली डॉक्टर. आपल्या सुमारे ३,५०० लोकांच्या वस्तीत १६ वर्षांत दिसलेले नागिणीचे १९२ रुग्ण त्यांनी नोंदवून ठेवले आणि १९६५ साली निष्कर्ष छापला: कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू शरीर सोडत नाही, तो मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या गाठींत दडून राहतो, आणि वय झालं, पहारा ढिला पडला, की तोच विषाणू त्याच तंतूवरून खाली उतरतो. ज्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, त्या गावात हे सांगताना हात आखडता घेण्याचं कारण नाही: वैद्यकातले काही मोठे शोध वही आणि चिकाटी एवढ्याच भांडवलावर लागले आहेत.

कोटणीसांचं निधन ९ डिसेंबर १९४२ रोजी झालं, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. त्यांच्या पेटीत नागिणीवर विषाणू रोखणारं काही असणं शक्यच नव्हतं. आनुवंशिक माहिती डीएनएमध्ये असते, हे अ‍ॅव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं तेच मुळी १९४४ साली.

आता त्या दडलेल्या विषाणूकडे जवळून बघू. नाव व्हॅरिसेला-झोस्टर. माणसाला छळणारे हर्पिस कुळातले विषाणू एकूण नऊ धरले जातात. ओठावर फोड उठवतो तो हर्पिस सिम्प्लेक्स यातलाच, सायटोमेगॅलो आणि एपस्टाइन-बार हेही यातलेच. कुळात सर्वांत आटोपशीर आहे तो कांजिण्यांचा. त्याच्या डीएनएत साधारण सव्वा लाख अक्षरं आणि सत्तरेक जनुकं आहेत. अँड्र्यू डेव्हिसन आणि जेम्स स्कॉट यांनी १९८६ साली ग्लासगोत ही अक्षरं पहिल्यांदा ओळीने वाचली. सिम्प्लेक्सची अक्षरं दीड लाखाच्या थोडी वर.

सोलापूरकराला जनुक समजावणं तसं सोपं. सोलापुरी चादरीवरचा मोर किंवा कोयरी विणकराच्या डोक्यात नसते, ती जॅकार्डवर चढवलेल्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांत असते. तेच पुठ्ठे चढवले की तीच नक्षी उतरते. जनुकं म्हणजे असे पुठ्ठे. फरक इतकाच की विषाणूला चादर विणून भागत नाही, त्याला पुठ्ठ्यांचीही नक्कल काढायची असते, तीही एका रात्रीत हजारो. पुष्कळ लहान विषाणू त्यासाठी यजमान पेशीचंच यंत्र वापरतात. चामखिळीचा पॅपिलोमा विषाणू जवळजवळ सगळं काम पेशीच्या कारखान्यात उरकून घेतो. हर्पिस कुळ तसं नाही. ते आपली हत्यारं, कारागिरांसकट, स्वतःच्या पुठ्ठ्यांवर लिहून आणतं. सगळी पुढची गोष्ट या एका सवयीतून निघते.

हत्यारं किती? हा प्रश्न १९८० च्या दशकात चांगलाच रंगला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या मार्क चॅलबर्ग यांनी त्यावर एक साधी युक्ती काढली. हर्पिस सिम्प्लेक्सच्या डीएनएत जिथून नक्कल सुरू होते तो तुकडा त्यांनी वेगळा काढला आणि पेशीत सोडला. त्याच्याबरोबर विषाणूच्या बाकी डीएनएचे निरनिराळे तुकडे सोडायचे, आणि बघायचं, त्या पहिल्या तुकड्याची नक्कल होते का. एक तुकडा वगळला आणि काम थांबलं, तर त्यात काहीतरी आवश्यक आहे. वगळूनही चाललं तर तो बिनकामाचा. १९८६ साली ही पद्धत छापून आली. १९८८ साली चॅलबर्ग यांच्या गटाने ग्लासगोच्या डंकन मॅकगियॉक यांच्याबरोबर यादी पक्की केली. ऐंशीच्या आसपास जनुकांपैकी नकलेला लागतात ती फक्त सात.

ही सात प्रथिनं एखाद्या खात्यातल्या कामगारांसारखी वाटणी करून घेतात. पहिलं आहे यूएल ९. ते डीएनएवर आरंभाची खूण शोधून तिथे बसतं आणि दोर सैल करायला लागतं. सिम्प्लेक्समध्ये अशा तीन खुणा आहेत. दोर सुटले की तीन जणांची एक टोळी आत शिरते: यूएल ५ हे हेलिकेझ, म्हणजे पीळ उलगडत पुढे जाणारं, यूएल ५२ हे प्रायमेझ, आणि यूएल ८ या दोघांना सांभाळून घेणारं. सुटलेले एकेरी दोर पुन्हा गुंतू नयेत म्हणून आयसीपी ८ नावाचं प्रथिन त्यांच्यावर ओळीने बसत जातं. सहाव्या क्रमांकावरचा खरा विणकर म्हणजे यूएल ३०, डीएनए पॉलिमरेझ. जुन्या दोरातलं एकेक अक्षर वाचून ते त्याच्या जोडीचं नवं अक्षर लावतं, आणि चुकीचं लागलं तर मागे येऊन खोडतंही. पण त्याला एक खोड आहे: हातात आधीचं टोक असल्याशिवाय ते सुरुवात करू शकत नाही. ते टोक, आरएनएचा इवलासा तुकडा, प्रायमेझ करून देतं. आणि यूएल ४२ हे पॉलिमरेझला डीएनएवर धरून ठेवतं. ते नसलं तर विणकर चार हात मारून मागावरून उतरतो.

मागाची उपमा इथे थोडी फाटते, हे कबूल करायला हवं. मागावर सूत संपतं आणि कापड तयार होतं. इथे जुना दोर संपत नाही. उलगडलेल्या प्रत्येक दोराला नवा जोडीदार मिळतो आणि एकाचे दोन होतात. शेवटी मात्र उपमा पुन्हा जुळते. नव्या प्रती सुट्या सुट्या निघत नाहीत, एकामागे एक जोडलेली लांबच लांब माळ तयार होते. मग कापडाच्या ताग्यातून चादरी कापाव्यात तशी ती ठरलेल्या खुणांवर कापली जाते आणि एकेक तुकडा विषाणूच्या कवचात कोंबला जातो. कापणारी कात्री हेही विषाणूचंच प्रथिन आहे.

कांजिण्यांच्या विषाणूत या सातही जागा भरलेल्या आहेत, फक्त क्रमांक वेगळे: ५१, ६, ५५, ५२, २९, २८ आणि १६. सायटोमेगॅलोकडे यूएल ९ चा जोडीदार नाही, तो सुरुवात निराळ्या रीतीने करतो. बाकी खातं सगळ्या कुळात ओळखू येण्याइतकं सारखं.

पण औषधाची गोष्ट या सातांवर सुरू होत नाही. ती सुरू होते आठव्यावर, जो यादीत नाही.

सोलापूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, पुढे डॉ. वैशंपायन यांच्या स्मृतीशी जोडलेलं, सुरू झालं १९६३ साली. त्याच वर्षी हर्पिसवर दोन छोटे निबंध छापून आले. ग्लासगोत कीर आणि गोल्ड यांना हर्पिसची लागण झालेल्या पेशींत डीएनए विणणाऱ्या विकराची क्रिया वाढलेली आढळली. अमेरिकेत सॉल किट आणि डेल डब्ज यांना तशाच पेशींत थायमिडिन कायनेझ नावाचं विकर दिसलं, आणि हा विषाणूने आणलेला माल होता. कायनेझचं काम हलकं आहे: डीएनएच्या कच्च्या मालातल्या एका रेणूवर फॉस्फेटचा शिक्का मारायचा, म्हणजे तो वापरायला योग्य होतो. हे जनुक नसलं तरी प्रयोगशाळेतल्या भराभर वाढणाऱ्या पेशींत विषाणू मजेत वाढतो. म्हणूनच ते सातांत नाही.

मग ते तो वागवतो कशाला? कारण त्याला राहायचं असतं मज्जापेशीत. मज्जापेशीचं विभाजन होत नाही, तिला डीएनएची नक्कल काढायची नसते, म्हणून तिच्या कोठारात तो कच्चा माल जेमतेमच असतो. अशा सुकाळ नसलेल्या घरी उतरायचं तर शिदोरी स्वतःची हवी. थायमिडिन कायनेझ ही ती शिदोरी.

आणि शिदोरीतच विष कालवलं गेलं. बरोज वेलकम कंपनीत हॉवर्ड शेफर यांच्या गटाने एक रेणू तयार केला, आणि गर्ट्रूड एलियन यांच्या गटाने १९७७ साली तो कसा काम करतो हे उलगडलं. हेच ते असायक्लोव्हिर. दिसायला ते डीएनएच्या ‘ग’ अक्षरासारखं, पण त्याच्या साखरेचं कडं तुटलेलं आहे आणि पुढचं अक्षर जिथे अडकायचं तो हूकच नाही. निरोगी पेशीचं कायनेझ त्याच्याकडे फारसं बघत नाही. विषाणूचं कायनेझ मात्र फसतं आणि शिक्का मारतं. एकदा पहिला शिक्का बसला की उरलेले दोन पेशीच मारून देते. मग तयार अक्षर विषाणूच्या पॉलिमरेझच्या हाती जातं, ते दोरात ओवलं जातं, आणि हूक नसल्यामुळे पुढचं काही लागत नाही. माग तिथेच बंद. पॉलिमरेझही त्या टोकाला अडकून बसतं. लागण झालेल्या पेशीत हे तयार अक्षर निरोगी पेशीच्या ४० ते १०० पट साचतं. म्हणून औषध विषाणूला मारतं आणि माणसाला बहुतेक वेळा त्रास देत नाही. मूत्रपिंडं कमजोर असतील तर डोस कमी करावा लागतो, ते डॉक्टर बघतात.

याआधीची विषाणूरोधी औषधं विषाणूसकट पेशीलाही झोडपत. विषाणूला घराबाहेर काढायचं तर घरच पेटवावं लागतं, अशी वैद्यकाची बरीचशी समजूत होती. एलियन यांच्याकडे पीएच.डी. नव्हती. १९८८ साली त्यांना नोबेल मिळालं, जॉर्ज हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्याबरोबर. सात जनुकांची यादी पक्की झाली तीही १९८८ सालीच. म्हणजे औषध आधी आलं, पूर्ण खातं नंतर मोजलं गेलं. शास्त्राचा इतिहास नेहमी धड्यातल्या क्रमाने चालत नाही.

विषाणूकडे पळवाट आहे, आणि ती वर येऊन गेली: कायनेझ आवश्यक नाही. ते फेकून देणारा किंवा बिघडवून घेणारा विषाणू असायक्लोव्हिरला दाद देत नाही. प्रतिकार झालेले बहुसंख्य विषाणू याच वाटेने गेलेले असतात. पण शिदोरी फेकल्यावर मज्जापेशीत पुन्हा जागं होणं त्याला जड जातं, म्हणून असे विषाणू मुख्यतः प्रतिकारशक्ती मोडलेल्या रुग्णांतच डोकं वर काढतात. तिथे फॉसकारनेट वापरतात. त्याला शिक्का लागत नाही, ते थेट पॉलिमरेझवर बसतं. २०१७ साली खात्यातल्या इतरांची पाळी आली. जपानमध्ये नागिणीसाठी अमेनामेव्हिरला मान्यता मिळाली, ते हेलिकेझ-प्रायमेझच्या टोळीला जखडतं. त्याच वर्षी अमेरिकेत लेटरमोव्हिर आलं, सायटोमेगॅलोच्या कात्रीवर घाव घालणारं.

इथे शेंगाचटणीविषयी दोन शब्द. हर्पिस असणाऱ्यांनी शेंगदाणे खाऊ नयेत, असा सल्ला परदेशातून फिरत फिरत आपल्या मोबाइलवर आला आहे. त्याचं मूळ खोटं नाही. १९६४ साली टँकरस्ली या संशोधकाने दाखवलं की प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत हर्पिस सिम्प्लेक्सला वाढायला आर्जिनिन हे अमिनो आम्ल लागतं; आणि शेंगदाण्यात आर्जिनिन भरपूर. पण बशीतल्या पेशींना जे मिळतं ते सगळं आपण वरून घातलेलं असतं. माणसाचं शरीर आर्जिनिन स्वतः बनवतं. चटणी सोडल्याने नागीण टळते किंवा लवकर बरी होते, असं दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. ज्वारीच्या भाकरीबरोबर ती खुशाल खावी.

पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था १९५२ सालची. २०२२ मध्ये मंकीपॉक्सची धास्ती पसरली तेव्हा देशभरातून फोड आलेल्या रुग्णांचे नमुने तिथे तपासले गेले, आणि त्यांतले काही कांजिण्यांचे निघाले. त्या विषाणूंची अक्षरं ओळीने वाचल्यावर भारतात पूर्वी नोंद नसलेला ‘क्लेड ९’ हा उपप्रकार सापडला. त्याने आजार जास्त तीव्र होतो असं दिसलं नाही. पण सव्वा लाख अक्षरं वाचायला १९८६ साली ग्लासगोला जी मेहनत पडली, ती आता पुण्यात नेहमीच्या तपासणीचा भाग आहे.

लशीही आल्या आहेत. जपानच्या मिचिआकी ताकाहाशींनी १९७४ साली विषाणू दुबळा करून कांजिण्यांची लस तयार केली; त्यांच्या मुलाला कांजिण्यांनी फार हैराण केलं होतं, तिथून त्यांनी हा ध्यास घेतला. नागिणीवरची नवी लस विषाणूच्या एका प्रथिनापासून बनते, दोन डोसांत देतात, आणि पन्नाशीपुढच्यांसाठी २०२३ पासून भारतात मिळते. किंमत सामान्य घराला परवडणारी नाही, हेही सांगायला हवं.

म्हणून बहुतेकांच्या वाट्याला येतात त्या असायक्लोव्हिरच्या गोळ्या, किंवा त्याच्याच सुधारलेल्या भावंडाच्या, व्हॅलासायक्लोव्हिरच्या. पहिली दिवसातून पाच वेळा घ्यावी लागते, दुसरी तीन वेळा. दोन्ही फक्त चालू माग थांबवतात. मज्जातंतूच्या गाठीत झोपलेल्या विषाणूचा माग बंदच असतो, त्याला त्या काही करत नाहीत. आणि विणून झालेलं उसवतही नाहीत. फोड उठल्यापासून पहिले ७२ तास नक्कल जोरात असते, गोळीचा सगळ्यात जास्त उपयोग तेव्हाच. गेरू लावून, उतरवून घेऊन, नातेवाइकांना विचारून जातात ते नेमके हेच तीन दिवस.

तेव्हा घरात कुणाच्या एकाच बाजूला अशी फोडांची ओळ दिसली, तर पहिला फोड कधी दिसला ती तारीख आणि वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि तिसरा दिवस मावळायच्या आत डॉक्टर गाठा. कांजिण्या न झालेली गरोदर बाई किंवा तान्हं मूल घरात असेल तर फोड झाकून ठेवा, त्यांना जवळ येऊ देऊ नका. फोड कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. आणि गेरू लावून झालाच असेल तर जाण्याआधी तो कोमट पाण्याने हलक्या हाताने धुऊन टाका. डॉक्टरला फोड दिसायला हवेत.